पासष्टीच्या आत डिमेन्शिया: घरच्यांनी अनुभव लिहा

घरच्या माणसाला पासष्टीच्या आतच डिमेन्शिया, म्हणजे आठवण, समज, वागणं हळूहळू ढासळवणारा मेंदूचा आजार, झाला असेल त्यांनी इथे लिहावं. नाव नको, नागपूरचा मोहल्ला पुरे. माझ्यापासून सुरू करते.

इतवारी
आमचं किराण्याचं दुकान. ह्यांचा हिशेब तोंडी. वीस जिनसांची बेरीज गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत तयार. ५२व्या वर्षी एका संध्याकाळी पाहिलं, तूरडाळ, गूळ, साबण, तीनच जिनसा, आणि हे कागदावर तिसऱ्यांदा बेरीज करून राहिले होते. पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटला. मी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "लक्ष कुठे असते तुमचं?" ते अजून टोचतं. वर्षभर ताण, चष्मा, झोप यांनाच दोष दिला. मग थायरॉइड, बी-१२, एमआरआय. विसरणं थायरॉइडमुळे किंवा बी-१२ कमी असल्यामुळे असेल तर औषधाने सुधारू शकतं, म्हणून त्या तपासण्या टाळू नका. आमच्याकडे मात्र अल्झायमर, डिमेन्शियाचाच एक प्रकार, निघाला. "इतक्या लवकर?" विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ज्यांचं नाव या आजाराला आहे त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१मध्ये तपासलेली या आजाराची पहिली रुग्ण बाई ५१ वर्षांचीच होती. दुःख कमी झालं नाही, पण "आपल्यालाच काऊन?" हे मनातलं थांबलं.

महाल
माझा भाऊ, ४८. विसरत काहीच नव्हता, म्हणून शंकाच आली नाही. स्वभाव पालटला. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलबी उचलून खाल्ली. काका वारले त्या दिवशी टीव्हीचा आवाज वाढवला. वहिनी माहेरी गेली, सोडचिठ्ठीच्या गोष्टी झाल्या. दोन वर्षांनी निदान झालं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात आधी वागणं नाहीतर बोलणं बिघडतं. वहिनी परत आली. त्या दोन वर्षांत मी त्याला किती वेळा बेशरम म्हटलं! आता त्याला त्याचं काही नाही, मलाच झोप येत नाही.

मनीषनगर
बाबा सरकारी नोकरीत. चुका वाढल्या तसं साहेबांनी समजावून राजीनामा लिहून घेतला. निवृत्तीला सहा वर्षं होती, मी बारावीत. पुढे वकिलांनी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, कलम २० दाखवलं: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही, झेपेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं. हात जोडून सांगते, निदान होईपर्यंत राजीनाम्यावर सही करू देऊ नका. बँकेचं जोडखातं, नॉमिनी, मृत्युपत्र हे मात्र त्यांना समजतंय तोवरच उरका.

खापरी
बायको सीताबर्डीला मेट्रो बदलताना चुकली, सापडली लोकमान्यनगरला, मे महिन्याच्या दुपारी, घसा कोरडा पडलेला. तेव्हापासून हातात माझा नंबर कोरलेलं स्टीलचं कडं असतं. पाणी मी घड्याळ लावून देतो. तहान लागली हे ती सांगत नाही.

इतवारी
खापरीच्या भाऊ, कड्याचं उद्याच करते. दुकान आता दीर पाहतात. हे घरी अस्वस्थ फिरायचे, म्हणून एक दिवस जुने पेपर, दोरा आणि पातेलंभर शेंगदाणे समोर ठेवले. तासभर बसून पुड्या बांधल्या. किती झाल्या ते सांगता आलं नाही. पण कागदाचा कोपरा तसाच आत मुडपलेला, दोऱ्याला तशीच गाठ, एकही पुडी सुटली नाही. रात्री मी त्या उघडून दाणे परत पातेल्यात ओतते, सकाळसाठी.