गोल बसवून पोरांना तत्त्वज्ञान? आधी वाचता तर येऊ दे!

फोंड्याचो मास्तर: काल इथं डिचोलीच्या ताईंनी लिहिलं, की प्राथमिक शाळेत आठवड्याला एक तास मुलांना गोल बसवून ‘मित्रासाठी खोटं बोलावं का’ असल्या प्रश्नांवर बोलू द्यावं, मास्तरांनी उत्तर सांगायचं नाही. वाचून डोकंच तापलं. माझ्याकडे चार इयत्ता एका खोलीत, वर निवडणुकीची कामं. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मॅथ्यू लिपमन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत यासाठी संस्था काढली, ती कॉलेजची पोरं धड तर्क करत नाहीत म्हणून. आमची अजून जोडाक्षरांवर अडलीत.

डिचोलीकरीण: मास्तर, चार इयत्ता एकत्र ही तर सोयच. गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनीच काढायचे, हात वर करून एक निवडायचा. ‘मला पटत नाही, कारण...’ एवढं म्हणायला जोडाक्षरं आडवी येत नाहीत. इंग्लंडात ४८ शाळांत करून पाहिलं, २०१५ चा अहवाल आहे. वाचन-गणितात मुलं दोनेक महिने पुढं गेली.

फोंड्याचो मास्तर: अर्धंच सांगता! त्यानंतर मोठी चाचणी झाली. २०२१ चा अहवाल म्हणतो, वाचनात फरक नाही.

म्हापसेकर: अहवाल ठेवा बाजूला. माझा भाचा वक्तृत्वात तालुक्यात पहिला. विषय पर्यावरण. भाषण बहिणीनं लिहिलेलं, हातवारे बाईंनी बसवलेले. परीक्षकांनी सहज विचारलं, ‘तुमच्या गावातून कुठली नदी जाते रे?’ पोरगा आईकडे बघायला लागला. तरी ढाल त्यालाच! न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात, खरं शोधायचा वाद आणि जिंकायचा जल्प वेगळे सांगितलेत. आपण पोरांना नुसता जल्प शिकवतो, जिंकण्यापुरता.

वाडीवरचा: पण बोलणार कुठल्या भाषेत? २०११ मध्ये गोवा सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं, तिथंच मराठी शाळांची वाट लागली. आधी त्यावर बोला.

डिचोलीकरीण: कोंकणीत बोलू दे की. मधल्या सुट्टीत ‘ना रे, तशें न्हय!’ करत किती मुद्द्याचं भांडतात!

वाडीवरचा: म्हणजे मराठी शाळेतूनही मराठी हद्दपार? वा ताई! त्या अनुदानाविरुद्ध आम्ही उगाच रस्त्यावर उतरलो होतो म्हणायचं.

म्हापसेकर: रस्त्यावर उतरलेल्यांची मुलं कुठल्या माध्यमात शिकली, तेही येऊ दे.

वाडीवरचा: घरापर्यंत जायचं काम नाही. माझी मुलगी चौथीपर्यंत मराठीतच होती.

म्हापसेकर: आणि पाचवीत?

वाडीवरचा: पाचवीचा इथं संबंध काय? आणि तुमच्या भाच्याचं माध्यम कुठलं, तेही लिहा.

म्हापसेकर: इंग्रजी. भाषण तेवढं मराठीत.

फोंड्याचो मास्तर: चालू द्या तुमचं. ताई, त्या मोठ्या चाचणीतही शिक्षक म्हणालेत, की मुलं जास्त बोलती झाली. हे तुमच्या बाजूचं, म्हणून सांगून टाकतो. शनिवारी शेवटचा अर्धा तास देईन. पण ‘गृहपाठ का करायचा’ हा प्रश्न पोरांनी निवडला, तर पालकांना तुमच्याकडे धाडणार.

डिचोलीकरीण: धाडा. चहा मात्र तुमच्या खात्यावर.

वाडीवरचा: अनुदानाचं कुणीच बोललं नाही. छान.