घरच्या लिनक्स गेटवेने फोन आपणहून लावावा का?

(डायलअप मोडेम आणि पल्सवरच्या बिलाच्या काळातली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

नऊपिनी

एका फोनलाइनवर घरातले दोन-तीन कॉम्प्युटर चालवायचे असतील, तर जुन्या पेंटियमवर लिनक्स टाकून मोडेम त्याच्या ताब्यात द्यावा, याबद्दल फारसं दुमत नसेल. घरातल्या सगळ्यांचं नेट ज्याच्यातून जातं ते हे मशीन म्हणजेच गेटवे. प्रश्न पुढचा आहे. कुणी ब्राउझर उघडला की गेटवेने स्वतः फोन लावायचा, की ते माणसाच्या हातात ठेवायचं? माझं मत स्पष्ट आहे : स्वतः लावावा. घरातल्या प्रत्येकाला टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) शिकवत बसणं म्हणजे लाइन वाटून घेणं नव्हे.

मांडणी कर्नल (लिनक्सचा गाभा) २.४ ची. सीरियल पोर्टवर बाहेरचा ५६के मोडेम (आतल्या विनमोडेमच्या नादी लागू नका, त्यांचं अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो), रिअलटेक ८१३९ चं कार्ड आणि हब. दोनच मशीन असतील तर क्रॉसओव्हर केबल पुरते. गेटवेला १९२.१६८.०.१, बाकीच्यांना त्याच मालिकेतले पत्ते. आयपी फॉरवर्डिंग (एका बाजूची पॅकेट्स दुसरीकडे सोडणं) चालू करायचं आणि आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचे पॅकेटांचे नियम) पीपीपी० मधून, म्हणजे फोनच्या जोडणीतून, बाहेर पडणारं सगळं मास्करेड करायचं, म्हणजे गेटवेच्या पत्त्याने पाठवायचं. एफटीपीसाठी (फाइली आणण्या-पाठवण्याची पद्धत) कॉनट्रॅक (जोडण्यांचा माग ठेवणारं) आणि नॅट (पत्ते बदलणारं) ही दोन्ही मोड्युल्स लोड करा, नाहीतर लॉगिन होतं आणि फाइलींची यादी येत नाही.

पीपीपीडीला (फोनची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) डिमांड (बाहेर जायचं पॅकेट आलं की फोन लाव) आणि आयडल ३०० (तेवढे सेकंद शांतता असली की तोड) हे पर्याय द्या. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते मात्र आधीच लिहून ठेवायचे. ते फोन लागल्यावर मिळतील अशा भरवशावर राहिलात तर नाव विचारायला पॅकेट बाहेरच पडत नाही, आणि पॅकेट पडत नाही म्हणून फोन लागत नाही.

मीटरकडे_लक्ष

असहमत. फोनचं बिल पल्सवर, म्हणजे कॉलच्या ठरावीक वेळेच्या तुकड्यांवर, येतं. वीस सेकंदांसाठी लाइन लागली तरी एक पल्स गेलाच, आणि अशा फुकट लागलेल्या लाइनींचा कुणाला पत्ताही लागत नाही, कारण ब्राउझरसमोर कुणी बसलेलंच नसतं.

फोन लावतं कोण? बहुतेक वेळा विंडोज. नेटवर्कवरच्या शेजाऱ्यांची नावं शोधताना ते नेटबायोसची (विंडोजची मशीनची नावं ओळखायची पद्धत) चौकशी डीएनएसकडे पाठवतं. रात्री दोनला मोडेम किंचाळतो तो यामुळे. शिवाय सेंडमेल (मेल पाठवणारा सर्व्हर) सुरू होताना आणि रांग तपासताना नावं विचारतो, बाइंड (डीएनएस सर्व्हर) चालू होताच रूट सर्व्हरांची (डीएनएसचे मुळातले सर्व्हर) यादी ताजी करायला जातो. मशीन माणसाची गरज ओळखत नाही, त्याला फक्त पॅकेट दिसतं.

मॅस्कडायलर वापरा. गेटवेवर त्याचा सर्व्हर आणि विंडोजवर छोटा क्लायंट : लाइन जोडा, लाइन तोडा. यात टर्मिनल कुठे आलं? कुणी लाइन धरून ठेवली आहे हेही सगळ्यांना दिसतं.

नऊपिनी

रोग बरोबर ओळखलात, पण त्याला औषध आहे. मूळ पोर्ट १३७ (नेटबायोस) आणि पोचायचं पोर्ट ५३ (डीएनएस) असलेलं यूडीपी पॅकेट फॉरवर्ड साखळीतच (गेटवेतून पुढे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम) टाकून द्या. १३७ ते १३९ ला जाणारंही तिथेच अडवा. पीपीपी० पर्यंत न पोचलेल्या पॅकेटने फोन लागत नाही. बाइंडला डायलअप येस (देखभालीच्या चौकशा एकदम उरकणारा पर्याय) सांगता येतं. सेंडमेलची घरच्या गेटवेवर गरज काय? बंद करा.

मीटरकडे_लक्ष

फॉरवर्ड साखळी पुरत नाही. गेटवेवरच बाइंड असेल तर विंडोजची चौकशी गेटवेच्या स्वतःच्या पोर्ट ५३ वर येते, म्हणजे इनपुट साखळीत (खुद्द गेटवेसाठी आलेल्या पॅकेटांचे नियम). तिथून पुढची चौकशी बाइंड स्वतःच्या नावाने करतो आणि तुमचा नियम बाजूलाच राहतो. तोच नियम इनपुटमध्येही हवा.

आणि लाइन लागण्यापेक्षा न सुटणं जास्त महाग पडतं. आयडल ३०० म्हणजे पाच मिनिटं शांतता हवी. ती मिळते कुठे? मेसेंजर मधूनमधून हजेरी लावतो. बाहेरून कोड रेड आणि निमडा या वर्म्सची (नेटवरून आपोआप पसरणारे प्रोग्रॅम) पॅकेट्स दार ठोठावत असतात. आत येणारं पॅकेटही आयडलचं घड्याळ शून्यावर आणतं.

नऊपिनी

इनपुटचा मुद्दा मान्य, तो नियम हवाच.

आयडलसाठी पीपीपीडीचा ॲक्टिव्ह-फिल्टर (कोणती पॅकेट्स मोजायची ते ठरवणारा पर्याय) आहे. कर्नलमध्ये पीपीपी फिल्टरिंग चालू हवं आणि पीपीपीडीही त्यासकट बांधलेला हवा. फिल्टरमध्ये फक्त आउटबाउंड (बाहेर जाणारं) मोजा. पण एवढ्यावर थांबलात तर फसाल : बंद पोर्टवर कुणी ठोठावलं की गेटवे आरएसटी पाठवून नकार देतो, आणि तो नकारही बाहेर जाणारं पॅकेट म्हणून मोजला जातो. टीसीपीच्या हेडरमधल्या तेराव्या (शून्यापासून मोजून) बाइटमधला आरएसटीचा बिट तपासून तीही वगळायची. मेसेंजरसाठी मॅक्सकनेक्ट ३६०० द्या, तासाने लाइन सुटेल.

भारनियमन

दोघंही लाइन आणि वीज गृहीत धरून बोलताय. आपल्याकडे मे महिन्यात वळीव येतो. डिमांड म्हणजे मोडेम चोवीस तास फोनच्या तारेला. घरात कुणी नसताना जवळ वीज कोसळली तर मोडेम जातो, आणि कधीकधी त्याच्यामागचा सीरियल पोर्टही. ढग भरून आले की वायर काढायची, हे फक्त माणूसच करू शकतो. एवढ्या एका कारणासाठी मी हाताने फोन लावण्याच्या बाजूने आहे.

दुसरं, लाइट गेली की ईएक्सटी२ ची (लिनक्सची फाइली ठेवायची जुनी पद्धत) डिस्क प्रत्येक वेळी एफएससीके (डिस्कची तपासणी) मागते, कधी रूटचा पासवर्ड टाकून हाताने करावी लागते. ईएक्सटी३ (बदलांची नोंद ठेवणारी पद्धत) वापरा, किंवा कोयोटी लिनक्ससारखा फ्लॉपीवरचा राउटर. १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवरून सगळं रॅममध्ये चढतं, डिस्क लागतच नाही. १६ एमबीचा ४८६ भरपूर झाला. फक्त सीरियल पोर्टची चिप बघा. ८२५० किंवा १६४५० मध्ये एकाच बाइटचा बफर असतो, ११५२०० वेगाला अक्षरं गळतात. १६५५०ए हवी, तिच्यात सोळा बाइटचा फिफो (रांगेने चालणारा बफर) आहे.

सोनचाफा

फ्लॉपीवर गेलात की स्क्विड (पाहिलेली पानं डिस्कवर साठवणारा कॅश सर्व्हर) गेला, आणि एकाच लाइनवर तिघं असतील तर मला स्क्विड जास्त मोलाचा वाटतो. मोडेम ४४००० बिटांच्या वेगाला जुळला तर सेकंदाला जेमतेम साडेपाच हजार बाइट येतात, १ एमबीला तीन मिनिटं. एकाने पाहिलेल्या पानाची चित्रं दुसऱ्यासाठी पुन्हा आणायची कशाला? १ जीबी कॅशला अंदाजे १० एमबी रॅम लागते, म्हणून ३२ एमबीच्या मशीनवर २००-३०० एमबीवरच थांबा. क्विक ॲबॉर्टचे किमान आणि कमाल दोन्ही आकडे शून्य करा, नाहीतर कुणी पान अर्धवट सोडलं तरी स्क्विड उरलेला तुकडा ओढत बसू शकतो.

घरातली खरी भांडणं मात्र अपलोडवरून होतात. वरची दिशा ३३.६ केबीपीएसचीच. २ एमबीची अटॅचमेंट म्हणजे आठ मिनिटं, आणि तेवढा वेळ बाकीच्यांच्या डाउनलोडच्या पोचपावत्या तिच्यामागे रांगेत. १५०० बाइटचं एक पॅकेट ०.३६ सेकंद लाइन अडवतं, ५७६ चं ०.१४. म्हणून पीपीपीडीत एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ५७६.

मीटरकडे_लक्ष

५७६ ने हेडरचा बोजा वाढतो. ४० बाइटचं हेडर (पॅकेटच्या सुरुवातीचा पत्त्यांचा भाग) १५०० मध्ये २.७ टक्के, ५७६ मध्ये ७.

सोनचाफा

व्हॅन जेकबसन कॉम्प्रेशन (हेडर आक्रसणारं) पीपीपीडीत मुळातच चालू असतं, टीसीपीची ४० बाइटं थोडक्यात आटोपतात. पर्यायांच्या फाइलीत जुनं काही उतरवताना कुणी नोव्हीजे (ते बंद करणारा पर्याय) घातलं आहे का तेवढं बघा.

नऊपिनी

विजेच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मे ते सप्टेंबर डिमांड काढून मॅस्कडायलर चालवेन, ऑक्टोबरपासून पुन्हा डिमांड. पण डिमांड परत लावताना पहिली रात्र पीपीपी० वर टीसीपीडम्प (पॅकेट्स नोंदवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. सकाळी फाइलीत एकही पॅकेट दिसलं तर त्याचं मूळ पोर्ट बघून नियम घाला, मगच मोडेमचा स्पीकर बंद करा.

मीटरकडे_लक्ष

स्पीकर बंदच करू नका. एम१एल१ (मोडेमच्या स्पीकरचा हुकूम) ठेवा : जुळेपर्यंत ऐकू येतो, मग गप्प बसतो. फुकट लागलेली लाइन घरात सगळ्यात आधी त्यानेच कळते.