कादेशची लढाई: देवळाच्या भिंतीवर खोटं कोरलंय का?

धागाकर्ता:
लक्सर, रामेसियम, अबिडोस, अबू सिंबेल. इतक्या ठिकाणच्या देवळांत इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याने सीरियातल्या कादेश शहराजवळची लढाई (इ.स.पू. १२७४च्या सुमारास) कोरून घेतली. रथात एकटा राजा, समोर हित्तींच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या साम्राज्याच्या, सैन्याची दाणादाण. प्रत्यक्षात कादेश हित्तींकडेच राहिलं. न जिंकलेल्या शहराचा विजय देवळादेवळांत मिरवायचा, हा निव्वळ अपप्रचार. कोरीवकाम कितीही देखणं असो.

प्रतिसाद १:
साफ असहमत. तुम्ही देवळाची भिंत वर्तमानपत्रासारखी वाचताय. इजिप्तमध्येच अबूसीरला, रामसेसच्या कितीतरी आधीच्या सहुरा राजाच्या मंदिरात हरलेल्या लिबियन सरदाराची बायको आणि दोन मुलं नावांसकट कोरली आहेत. पुढे दुसऱ्या पेपी राजाच्या मंदिरात तेच कुटुंब, तीच नावं. आणि सहुरानंतर सुमारे १८०० वर्षांनी तहारका राजाने इजिप्तच्या दक्षिणेला नुबियात कावा इथे पुन्हा तेच कोरलं! म्हणजे ही बातमी नव्हे, ठरलेला साचा. राजाने अराजक मोडून माआत, म्हणजे सृष्टीची घडी, सांभाळायची. ते कोरणं हासुद्धा त्या कर्तव्याचाच भाग. अगदी सुरुवातीच्या नारमेर राजापासून एस्नाच्या मंदिरातल्या रोमन सम्राटांपर्यंत शत्रूवर शस्त्र उगारलेला राजा दिसतो, तो यासाठी.

धागाकर्ता:
सहुराचं मान्य, हे मला नवीन आहे. पण कादेश त्या साच्यात बसत नाही. शहराला वेढणारी नदी, ढालींचं कुंपण घातलेली छावणी, आत घुसलेले हित्ती रथ. एवढा तपशील देणारा माणूस ‘हे असं घडलं’ म्हणूनच सांगत असतो. मग शेवटही खरा सांगायचा.

प्रतिसाद २:
तपशीलच बघायचा तर काठ्यांनी बडवले जाणारे हित्ती हेर बघा. त्याआधी दोन शासू भटक्यांनी ‘हित्ती राजा दूर अलेप्पोकडे आहे’ अशी थाप मारली आणि रामसेस फसला, हेही तिथेच लिहिलंय. खोटं रचणारा स्वतःची फसगत कशाला कोरेल?

धागाकर्ता:
कारण खापर अधिकाऱ्यांवर फोडलंय! ते बेसावध, शिपाई पळपुटे, राजा तेवढा शूर. त्या शिपायांची बाजू कुठेच नाही, याचा मला खरोखर राग येतो.

प्रतिसाद २:
राग समजतो. पण तो चित्रांसोबत कोरलेल्या, लढाईवरच्या काव्यातल्या मजकुरावर काढा. त्या काव्यात राजा आमून देवाच्या बळावर एकटा लढतो. चित्रात मात्र ऐन वेळी मदतीला आलेली रामसेसच्या सैन्याची नेआरिन नावाची तुकडी आहे, शिस्तीत, रांगेने चालत येणारी. शिपायांची बाजू कोरणाऱ्याने तिथे ठेवली आहे.