आप्पांकडे आता पान नेत नाही मी

रावेरवाला:
केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. फोटो काढून चॅटजीपीटीला टाकला. म्हणे सीएमव्ही, म्हणजे काकडीवरही येणारा विषाणूचा रोग, असू शकतो, मावा ही कीड पसरवते, झाड उपटून नष्ट करा. बरोबरच होतं. पण आधी असलं पान घेऊन मी गल्लीतल्या आप्पांकडे जायचो. ते पान उजेडाकडे धरायचे, चहा सांगायचे, मग पोरीच्या शाळेपासून चौकशी सुरू. रोगाचा नंबर सगळ्यात शेवटी. परवा पारावर भेटले, म्हणे, "काय रे, आता पानं येत नाहीत?" तेव्हापासून चुटपुट लागलीय. तुमचंही असं होतं का?

तापीकाठ:
हरण्याच दिसतोय भाऊ, सीएमव्हीला आपल्याकडे हेच म्हणतात. पण फोटोत बांध कुठं दिसतो? शेजाऱ्यानं काकडी लावलीय का, हे आप्पा आधी विचारतील. मोबाइलही सांगेल म्हणा, पण आपल्याला विचारायचं सुचलं पाहिजे ना!

पुण्याहून आलेली सून:
मी कळण्याच्या भाकरीची कृती चॅटजीपीटीलाच विचारली. ज्वारी-उडदाचं माप ठीक दिलं. भाकरी मात्र थापतानाच फाटली. सासूबाईंनी माझ्या हातातला गोळा दाबून पाहिला, "आखो मय व" (अजून मळ गं) म्हणाल्या आणि हसल्या. नंतर तासभर त्यांच्या माहेरच्या गोष्टी. भाकऱ्या जेमतेम चार झाल्या.

रावेरवाला:
शेजाऱ्याची काकडी आहे खरी, बांधाला लागूनच! झाडं आजच उपटतो, आप्पांसाठी मावा थांबायचा नाही. एक पान पिशवीत बांधून ठेवलंय. संध्याकाळी जातो.