बर्फावरची पहिली ऑफरोड सहल : सात ट्रकांच्या ताफ्यासाठी सल्ला हवा आहे

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. आमचा सात पिकअप ट्रकवाल्यांचा गट गेली चार वर्षे चिखल, वाळू आणि दगडगोट्यांच्या वाटांवर एकत्र फिरत आला आहे. बर्फावर मात्र आमच्यापैकी एकानेही गाडी घातलेली नाही. या हिवाळ्यात तीन दिवस आणि दोन रात्रींची सहल ठरवली आहे. वाट जंगलातून चढत एका उघड्या पठारावर निघते, तिथे साधारण गुडघाभर बर्फ असतो आणि रात्री तापमान उणे १५ अंशांखाली उतरते, एवढी माहिती मिळाली आहे. सर्व गाड्या लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) असलेल्या पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे गरजेनुसार चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या, आहेत, त्यांतल्या पाच डिझेलच्या आहेत, दोघांकडे विंच (गाडीवर बसवलेले, दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) आहे आणि तिघांच्या मागच्या ॲक्सलला डिफ लॉक आहे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल (डिफ) अडवून दोन्ही चाके एकत्र फिरवण्याची सोय.

सामाईक पैशांतून नवे टायर घ्यावेत, टायरवर चढवायच्या साखळ्या घ्याव्यात की तिसरे विंच बसवावे, यावर गटात तीन तट पडले आहेत. अनुभवी मंडळींनी काय घ्यावे हे तर सांगावेच, पण काय घेऊ नये हेही सांगितले तर अधिक उपयोग होईल.

प्रतिसाद १

तिसऱ्या विंचचा विचार सोडून द्या. विंचला दोर अडकवायला काहीतरी ठाम लागते आणि उघड्या पठारावर झाड नसते. तिथे दुसरी गाडी हाच खुंटा असतो, किंवा मग खड्डा खणून त्यात स्टेपनी पुरावी लागते, आणि हे काम गोठलेल्या जमिनीत एकदा केलेला माणूस पुन्हा त्याचे नाव काढत नाही. त्याच पैशांत प्रत्येक गाडीत लांब दांड्याचे एक मजबूत फावडे येईल आणि तेच अधिक वेळा हातात घ्यावे लागेल.

टायरांविषयी बोलायचे तर, चिखलासाठी घेतलेले मोठ्या ठोकळ्यांचे मड टायर खोल, भुसभुशीत बर्फात बरे चालतात, पण काचेसारख्या घट्ट बर्फावर ते फसवतात, कारण तिथे पकड ठोकळ्यांनी मिळत नाही, तर ट्रेडमधल्या, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या, असंख्य बारीक चिरांनी आणि मऊ राहणाऱ्या रबराने मिळते. साधे रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का, ते पाहा. ते मिळवण्यासाठी टायरला बर्फावरील पकडीची चाचणी पार करावी लागते, तर नुसती एम आणि एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे उत्पादक आपल्या अखत्यारीत छापू शकतो. हे चिन्ह असलेले ऑल-टेरेन (सर्व प्रकारच्या वाटांसाठीचे) टायर तुमच्या वाटेसाठी पुरेसे आहेत, आणि ज्यांच्याकडे ते आधीच आहेत त्यांनी एक पैसाही खर्च करू नये.

आता ज्याला काहीच पैसे पडत नाहीत त्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे हवा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधला दाब सुमारे १ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होतो. उबदार गॅरेजमध्ये २० अंशांना ३५ पीएसआय भरून निघालात, तर उणे १५ अंशांच्या पहाटे तेच टायर २९च्या आसपास दाखवतील. म्हणून दाब घरी नव्हे, तर वाटेच्या तोंडाशी, टायर थंड असताना मोजावा. बर्फ लागला की आधी २० पर्यंत उतरवा, गाडी खोदू लागली तर १५ पर्यंत या. साध्या रिमवर १२च्या खाली मात्र जाऊ नका, कारण तीव्र वळणावर टायर रिमवरून सुटण्याची भीती असते आणि त्या थंडीत तो पुन्हा बसवणे ही शिक्षा आहे. आइसलँडमध्ये ३८ इंची आणि त्याहून मोठ्या टायरांत जेमतेम काही पीएसआय हवा ठेवून लोक हिमनद्यांवर तरंगल्यासारखे जातात हे खरे आहे, पण त्या गाड्या मुळापासून त्यासाठीच बांधलेल्या असतात. त्यांची छायाचित्रे पाहून आपले आकडे ठरवू नयेत. ताफ्यात चांगले कंप्रेसर निदान दोन हवेत, कारण एक हमखास ऐन वेळी रुसतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण साखळ्यांचा उल्लेखच राहिला. जंगलातल्या चढावर आधीच्या गाड्यांनी दाबून गुळगुळीत केलेला बर्फ दुपारी किंचित वितळून रात्री पुन्हा गोठलेला असेल, तर कोणतेही ऑल-टेरेन टायर साखळीची बरोबरी करू शकत नाहीत. शून्याच्या आसपासचा बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर सुटतो. कडाक्याच्या थंडीत तोच बर्फ जास्त पकड देतो, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते.

उलट पठारावरच्या खोल, सैल बर्फात साखळ्या चाकांना खाली खोदत नेतात, म्हणून तिथे त्या काढून ठेवाव्यात. चारही चाकांना साखळ्या असतील तर उत्तम. एकच जोडी असेल तर ती कोणत्या ॲक्सलला लावायची हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, आणि केवळ पुढच्या चाकांना लावून तीव्र उतार उतरताना मागची बाजू फिरू पाहते हे लक्षात ठेवावे. खरेदीपूर्वी चाके पूर्ण वळवून साखळी ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासणार नाही याची खात्री करा. घरी निदान दोनदा, हातमोजे घालून, बसवण्याचा सराव करा. आमच्या पहिल्या सहलीत एका सदस्याने नवी कोरी साखळी अंधारात, वाऱ्यात, प्रथमच पिशवीतून काढली होती. पाऊण तास सगळा ताफा थांबला आणि शेवटी ती चुकीच्या मापाची निघाली.

प्रतिसाद ३

तुमच्या पाच डिझेल गाड्यांविषयी कोणीच बोललेले नाही म्हणून लिहितो. डिझेलमध्ये विरघळलेले मेण असते, आणि थंडीत त्याचे कण होऊन ते आधी फिल्टर तुंबवतात. उन्हाळी डिझेलला ही अवस्था शून्याच्या जवळपासही येऊ शकते. निघण्यापूर्वी टाकीतले जुने डिझेल संपवून हिवाळी प्रतीचे भरा आणि ते भरल्यावर बराच वेळ गाडी चालवा, म्हणजे नळ्यांत आणि फिल्टरमध्येही तेच पोहोचेल. मेण गोठू न देणारे द्रव्य मिळते, पण ते गोठण्याआधी टाकले तरच उपयोगी पडते. एकदा फिल्टर तुंबल्यावर ते ओतणे म्हणजे वरातीमागून घोडे आहे. ज्या गाड्यांत एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते, त्यांच्या टाकीत ते काठोकाठ भरू नये, कारण ते उणे ११ अंशांना गोठून फुगते. त्यामुळे इंजिन सुरू व्हायचे थांबत नाही, म्हणून घाबरूही नये.

कूलंटमध्ये पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असेल तर ते उणे ३५ अंशांच्याही खाली टिकते. नुसते ग्लायकॉल भरले तर ते उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, त्यामुळे ‘जास्त घातले की जास्त सुरक्षित’ हा हिशेब इथे चालत नाही. बॅटरीची क्षमता थंडीत बरीच घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे स्टार्टरला जास्त ताकद लागते. चार वर्षे जुनी बॅटरी असेल तर आधी भार देऊन तपासून घ्या. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते आणि गोठलेल्या बॅटरीला जंप देऊ नये. ती फुटू शकते.

आणखी एक छोटी गोष्ट. ओढा ओलांडल्यावर किंवा ओल्या बर्फातून आल्यावर रात्री हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना अडण लावा. मी एकदा विसरलो, आणि सकाळी मागची दोन्ही चाके गोठून जाम झालेली होती.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. विंचचा विषय आमच्याकडे संपला. एक उपप्रश्न आहे : चिखलात रुतलेली गाडी आम्ही आजवर टो बॉलला, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या गोळ्याला, जाड लोखंडी साखळी बांधून झटक्याने ओढत आलो आहोत. बर्फात हेच चालेल ना?

प्रतिसाद ४

चालणार नाही; चिखलातही चालत नव्हते, आजवर तुमचे नशीब चालले. टो बॉल ट्रेलरच्या संथ ओढीसाठी असतो. झटक्याच्या भाराने तो तुटला तर मागच्या गाडीची काच फोडून आत शिरतो, आणि अशा अपघातांत माणसे मेलेली आहेत. लोखंडी साखळी ताणली जात नाही, त्यामुळे सगळा झटका थेट जोडावर येतो. चॅसिसला पक्के बोल्ट केलेले, भार नोंदवलेले रिकव्हरी पॉइंट, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, प्रत्येक गाडीला पुढे-मागे असल्याशिवाय सहलीला निघू नका. टायरच्या साखळ्यांच्या आधी पैसे इथे घाला.

झटक्याने ओढण्यासाठी नायलॉनचा कायनेटिक दोर घ्या, जो साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणला जाऊन ताकद हळूहळू पोहोचवतो. विंचचा दोर त्या कामाला वापरू नये, कारण तो मुद्दामच न ताणणारा असतो. विंचचा सिंथेटिक दोर भिजून गोठला तर काठीसारखा ताठ होतो, म्हणून रात्री त्यावर आच्छादन घाला.

तरीही दोर हा शेवटचा उपाय ठेवायचा. बर्फात गाडी बहुतेक वेळा चाकांमुळे नव्हे, तर पोटामुळे अडते : डिफ आणि चॅसिस दाबलेल्या बर्फावर टेकतात आणि चाके अधांतरी फिरत राहतात. चाके फिरवत राहिलात तर खालचा बर्फ वितळून लगेच गुळगुळीत खळगा तयार होतो. पहिल्याच फिरकीला पाय काढा, उतरा, पोटाखालचा बर्फ उपसा, चाकांपुढे उतार करा, मगच आपल्याच चाकोरीतून मागे या. पुढे जाण्याचा हट्ट न धरता मागे येणे, यातच दहापैकी आठ गाड्या दोराविना सुटतात, असा माझा अनुभव आहे. दोर लावलाच, तर दोन चालक आणि एक इशारा देणारा सोडून बाकी सर्वांनी दोराच्या लांबीपेक्षा दूर, बाजूला उभे राहावे.

डिफ लॉकवाल्या तिघांसाठी एक सूचना : आडव्या उतारावर लॉक लावू नका. उघड्या डिफमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे गाडीला धरून ठेवते. लॉक लावल्यावर दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू दरीकडे सरकते.

प्रतिसाद ५

तांत्रिक बाजू पुरेशी झाली, म्हणून मुक्कामाविषयी लिहितो. थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपण्याचा मोह होईल. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. इंजिन बंद करून, उणे तापमानासाठी बनवलेल्या झोपण्याच्या पिशवीत झोपा. अडकून पडल्यामुळे गाडी चालू करणे भागच पडले, तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, तासाला १० मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक गाडीत ठेवा.

पठारावर एखादा चौरस सपाट भाग अगदी मोहक दिसला, तर आधी नकाशा पाहा. तो तलाव असू शकतो. पिकअपच्या वजनाला स्वच्छ, पारदर्शक बर्फही ३० सेंटीमीटरहून जाड लागतो, पांढऱ्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मी धरतात, आणि वरचे हिम त्याला पांघरुणासारखे उबदार ठेवून पातळच राहू देते. पहिल्या सहलीत तलावावर जाऊच नये. तसेच ३० ते ४५ अंशांच्या उघड्या बर्फाळ उताराखाली जेवायला थांबू नये, कारण हिमलोट मुख्यतः अशाच उतारांवरून सुटतात.

चढावर एका वेळी एकच गाडी सोडा आणि वरची गाडी ‘थांबलो’ असे वॉकीटॉकीवर सांगेपर्यंत दुसरी हलू देऊ नका. सर्वांत पुढे अनुभवी नव्हे, तर रुतली तरी सहज ओढता येईल अशी हलकी आणि चांगल्या टायरांची गाडी ठेवा; विंचच्या दोन गाड्या दुसऱ्या आणि शेवटच्या क्रमांकावर ठेवा. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा आणि ती घड्याळावर ठरवा, अंतरावर नव्हे. खोल बर्फात लो रेंजमध्ये तासाला दोन-तीन किलोमीटर हाही चांगला वेग असतो, आणि इंधन नेहमीच्या दुप्पट जाऊ शकते.

धागाकर्ता

काल रात्री सर्वजण बसलो आणि ठरले ते असे : सातही गाड्यांना रिकव्हरी पॉइंट, दोन कायनेटिक दोर, सात फावडी, सात अलार्म आणि साखळ्यांचे दोन पूर्ण संच. टायर फक्त दोघांचे बदलत आहोत. परतीची वेळ दुपारी १ ठरली आहे. तिसऱ्या विंचसाठी हटून बसलेल्या सदस्याला ताफ्याची शेवटची गाडी दिली आहे, आणि कंप्रेसरही त्याच्याच ताब्यात आहेत.

सहलीपूर्वी एक दिवस जवळच्या मोकळ्या बर्फाळ मैदानावर मुद्दाम गाड्या रुतवून काढण्याचा सराव करणार आहोत. त्यात काय चुकते ते इथेच लिहीन.