'पण हे पाहिलं कुणी?' : पहिल्या ख्रिस्ती साक्षींचं आज काय करायचं?

कोरांटी
आमच्या नगरकडच्या प्रार्थनासभांत 'साक्ष देणे' हा रोजचा शब्द. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली, की बाई उठते, पदर सारखा करते आणि साक्ष देते. उलटतपासणी कुणी घेत नाही. यंदा ईस्टरच्या आधी अभ्यासवर्गात अकरावीतल्या एका मुलाने पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे येशू मेल्यावर पुन्हा उठला याबद्दल, विचारलं, "पण हे पाहिलं कुणी?" एक काका चिडले, म्हणाले शंका घेऊ नये.

मला वाटतं पोराने बरोबर जागी बोट ठेवलं. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिलं पत्र लिहिताना पौल, पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक, हेच सांगत बसलाय: उठलेला येशू त्याचा शिष्य पेत्र याला दिसला, बारा शिष्यांना दिसला, पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला, त्यातले बरेचसे अजून हयात आहेत. पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं, म्हणजे क्रुसावरच्या मृत्यूला वीस-पंचवीस वर्षं झालेली. 'अजून हयात आहेत' याचा अर्थ, जा आणि विचारा. ज्या श्रद्धेची सुरुवात अशी झाली, तिथे आज प्रश्न विचारणाऱ्याला गप्प का करायचं?

काळा कोट
ताई, मुलाची बाजू घेतलीत हे छान. पण हा पुरावा माझ्यासमोर आला तर पाच मिनिटांत उडवीन. पाचशे माणसं म्हणता, एकाचं तरी नाव? गाव? तारीख? आणि करिंथच्या माणसाने समुद्र ओलांडून पॅलेस्टाईनला जायचं आणि विचारायचं? पौलाने स्वतः येशूला हयातीत पाहिल्याचं तो कुठेच म्हणत नाही. बाकी सगळं ऐकीव. शुभवर्तमानं, म्हणजे येशूची कथा सांगणारी चार पुस्तकं, तर त्याहून नंतरची. मार्कचं सत्तरच्या आसपासचं, योहानाचं शतकाच्या शेवटाकडचं, आणि मजकुरात लेखकाचं नाव नाही. मार्क, मत्तय ही नावं वर नंतर चढली.

पापियास म्हणून एक बिशप होता, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. पुस्तकांपेक्षा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं मला जास्त उपयोगी वाटतं, असं तो म्हणायचा. हे आपल्याला कुठून कळतं? दोनशे वर्षांनी चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने त्याचा उतारा दिला म्हणून. जिवंत आवाजाची महती, तीही पुस्तकातल्या पुस्तकात! श्रद्धा ठेवा, हरकत नाही. पुराव्याची भाषा मात्र नको.

कोरांटी
पत्रात नावं अजिबात नाहीत असं नाही, पेत्र आहे, याकोब आहे. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, मी यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो, प्रभूचा भाऊ याकोब भेटला. पंधरा दिवस काय हवापाण्याच्या गप्पा मारल्या असतील?

मार्कमध्येही बघा. क्रूस वाहायला लावलेला शिमोन कुरेनेकर हा 'आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप', असं तो मध्येच सांगतो. ही दोन पोरं कथेत पुढे कुठेच येत नाहीत. मग नावं कशाला? वाचणारे त्यांना ओळखत असणार म्हणून. आपण नाही का म्हणत, 'अरे, तो आपल्या पोस्टमनचा बाप'.

आणि बाया. रिकामी कबर पहिल्यांदा बायांनी पाहिली, हे चारही शुभवर्तमानं सांगतात. त्या काळात योसेफससारखा यहुदी इतिहासकार लिहितो की बायकांची साक्ष घेऊ नये. पुढे ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याने हीच गोष्ट धरून ख्रिस्ती लोकांची टिंगल केली, की पाहिलं कुणी, तर एका वेड्यापिशा बाईने. मनाने रचणाऱ्याने असला साक्षीदार निवडला असता का?

काळा कोट
हा मुद्दा दमदार आहे, मान्य. पण मग पौलाच्या यादीत या बाया कुठे गेल्या? पेत्र, बारा, पाचशे बंधू, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी मी. कबरेशी गेलेली मग्दालीया मरिया गायब! एक तर त्याला ठाऊक नव्हतं, नाहीतर अडचणीचं म्हणून गाळलं. दोन्हीकडून तुमचीच अडचण. आणि कबरेशी बाया किती होत्या? मार्क तीन सांगतो, मत्तय दोन, योहान नाव घेतो एकीचं.

इंद्रायणीकाठी
मी वारकरी घरातला, या वादात माझं काही अडत नाही. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे नामदेवांच्या नावावरचे अभंग आमच्याकडे म्हटले जातात. ते कोणत्या नामदेवांचे यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि ते रास्तही असतील. पण कार्तिकात आळंदीला ते ऐकताना गळा दाटतो तो वाद मिटला म्हणून नाही. सांगणारा स्वतः रडतोय, हे ऐकू येतं म्हणून. (सनावळीवाल्यांनी कृपया माझ्यावर तुटून पडू नये.)

वसईची केळी
काळा कोट, चारही साक्षीदारांनी शब्दन् शब्द सारखा सांगितला असता तर तुम्हीच म्हणाला असतात, पढवून आणलेत.

पण कोरांटीताई, माझं भांडण तुमच्याशीही आहे. शिष्य थोमाला खात्री करायला उठलेल्या येशूच्या जखमेत बोट घालायचं होतं. प्रभूने त्याला हाकललं नाही, हे खरं. पण न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असंही म्हटलंच ना? माझ्या आईला पौलाचं पत्र कधी लिहिलं हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तिची श्रद्धा कच्ची होती का?

कोरांटी
नाही हो, कच्ची कशी असेल. पण तुमच्या आईकडे ते आलं तेही कुणीतरी सांगितलं म्हणूनच.

पुरावा बाजूला ठेवू. साक्षीने श्रद्धा घडते म्हणजे काय, हे मला पर्पेतुआमुळे कळलं. इ.स. २०३, आफ्रिकेतलं कार्थेज. बावीसेक वर्षांची, अंगावर पिणारं बाळ, ख्रिस्ती म्हणून कैदेत. तुरुंगातली तिची टिपणं उरली आहेत. असला अंधार मी कधी पाहिला नव्हता, असं लिहिते. बाळ जवळ राहू दिलं तेव्हा तुरुंग राजवाडा वाटू लागला म्हणते. पुढे बापाने बाळ परत द्यायला नकार दिला, तर लिहिते की बाळाने दूध मागणं सोडलं आणि माझ्या छातीला ठणकाही लागला नाही. हे लेकुरवाळी बाईच लिहिणार. ज्या रिंगणातल्या खेळांत तिला जनावरांपुढे सोडणार होते, त्यांच्या आदल्या दिवशी टिपण थांबतं. उद्या काय होईल ते ज्याला लिहायचं त्याने लिहावं, असं म्हणून ती थांबते.

हिच्या साक्षीने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, ठाऊक आहे मला. पण ती घाबरते, बापासाठी तिचा जीव तुटतो, दुधाची काळजी करते. ग्रीकमध्ये साक्षीदाराला 'मार्तुस' म्हणत, त्याच शब्दाला पुढे हुतात्मा हा अर्थ चिकटला. आमच्याकडे साक्ष म्हणजे नेहमी सुटकेची गोष्ट. हिची सुटका झालीच नाही, आणि ही साक्ष मला जास्त धरून ठेवते. पुढच्या गुरुवारी त्या मुलाला हीच वाचायला देणार आहे.

वसईची केळी
हे आधी सांगितलं असतंत तर मी भांडलोच नसतो.

काळा कोट
जरूर द्या. फक्त तिच्या टिपणाच्या मागेपुढे दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर जोडलेला आहे, तेही त्याला दाखवा. कुठे ती बोलते आणि कुठे दुसरा, हे त्याचं त्याला ओळखू द्या.

आणि तो बाप. कैदेतल्या पोरीचे हात धरतो, माझ्या पिकल्या केसांकडे बघ म्हणतो, धर्म सोड म्हणून पाया पडतो, आणि हे सगळं आपल्याला तिच्याच तोंडून कळतं. मी असतो तर त्याला साक्षीला बोलावलं असतं.