मदत हवी आहे: जेवणाची सुट्टी फक्त कागदावर, तक्रार कुठे करावी?

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे. पहिली पाळी सकाळी सातची. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी हजेरीत दाखवतात, पण डिस्पॅचचं प्रेशर असलं की सुपरवायझर म्हणतात, "लाइन थांबवू नका, आळीपाळीने दोन घास खाऊन या." म्हणजे डबा उघडेपर्यंत हाक येते. वर तो अर्धा तास कामाच्या वेळेतून वजा होतोच! आमच्यातल्या एका ताईंना शुगर आहे, त्यांना वेळेवर खाणं भाग आहे. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ५५ मी वाचलं. सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, आणि ही पाच तासांची मर्यादा सहा तासांवर न्यायची तर सरकारची किंवा मुख्य निरीक्षकाची लेखी परवानगी हवी, असं त्यात होतं. एचआरला हे दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही कॉन्ट्रॅक्टरची माणसं, त्यांच्याशी बोला." कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, वेळ कंपनी ठरवते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, तर अर्जात आता कशाचा आधार द्यायचा? वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावं, की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे? सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज दिला तर एकटीवर राग निघणार नाही ना? आत मोबाइल नेता येत नाही, मग पुरावा कसा ठेवायचा? रोजची वेळ वहीत लिहून ठेवलेली चालेल का?

कुणी असा अर्ज केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.